बातमीखालचे प्रतिसाद आणि संभाषणाचे मोडलेले संकेत

कृष्णातीर (सांगली)

कोयना आणि वारणा धरणे भरू लागली की आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ही सांगलीतल्या प्रत्येक घराची बातमी होते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत, कारण २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांत नदी या दोन्ही रेषांच्या कितीतरी वर गेलेली लोकांनी पाहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी ५७ फुटांवर पोहोचले होते. अशा दिवसांत एखाद्या स्थानिक वृत्तवाहिनीच्या पानावर पातळीची बातमी येते आणि तिच्याखाली बघता बघता शेकडो प्रतिसाद जमतात. हे प्रतिसाद मी गेली काही वर्षे मुद्दाम लक्ष देऊन वाचतो आहे, आणि त्यातून जे मनात आले ते या चर्चामंचावर मांडतो.

बातमी छोटीशी असते: पातळी अमुक फूट, वाढ सुरू आहे. तिच्याखाली कोणी परगावी राहणारी मुलगी विचारते, "दत्तनगरमध्ये पाणी आले आहे का? आई घरी एकटी आहे." त्यावर एक जण लिहितो की महापालिका झोपली आहे. दुसरा म्हणतो, मत कोणाला दिले होते ते आता आठवा. तिसरा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे उघडण्याची मागणी करतो. चौथा २०१९ मधले बुडालेल्या घरांचे छायाचित्र आजचे म्हणून लावतो. अनेक जण जोडलेले हात टाकून पुढे जातात. दत्तनगरच्या शेजारीच, सूर्यवंशी प्लॉटमध्ये राहणारा एखादा माणूस हे सगळे वाचत असतो आणि त्याला उत्तर ठाऊक असते. पण तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच खाली दडपला गेलेला असतो.

भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांतून संभाषणाबद्दलचा एक विचार मांडला, आणि त्याचा मुख्य भाग १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की बोलणारे लोक, अगदी भांडतानासुद्धा, एका न बोललेल्या सहकार्यावर विसंबून असतात. लागेल तेवढेच सांगावे, कमी नको आणि अधिकही नको. जे खोटे वाटते किंवा ज्याला आधार नाही ते सांगू नये. चालू विषयाला धरून बोलावे. आणि स्पष्ट, क्रमवार, दुहेरी अर्थ निघणार नाही असे बोलावे. हे चार संकेत कोणीही नेहमी पाळत नाही, हे ग्राइस यांना पूर्ण ठाऊक होते. ऐकणारा मात्र ते पाळले जात आहेत असे धरून चालतो, आणि त्यामुळेच उघडपणे मोडलेल्या संकेतातून नवा अर्थ निघतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. "नवे सरपंच कसे आहेत?" या प्रश्नाला पारावरच्या एखाद्या वृद्धाने "त्यांचा फेटा फार छान असतो" एवढेच उत्तर दिले, तर उत्तर अपुरे आहे हे सगळ्यांना दिसते आणि सांगायचे ते सांगून होते.

ग्राइस यांनी या उघड मोडण्यापासून गुपचूप मोडणे वेगळे काढले आहे. गुपचूप मोडताना बोलणारा संकेत पाळल्याचे भासवतो आणि ऐकणाऱ्याची दिशाभूल होते. माझे म्हणणे एवढेच आहे की बातमीखाली होणारे खरे नुकसान या दुसऱ्या प्रकाराने होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे पहिला प्रकार नकळत दुसऱ्यात रूपांतरित होतो. पुराच्या दिवसांत कोणी घाबरलेल्या लोकांना टोमणा म्हणून लिहितो, "हो, अख्खी सांगली बुडाली, पळा सगळे." गणपती मंदिराजवळ चार ओळखीच्या माणसांत हे वाक्य टोमणाच राहिले असते, कारण बोलणाऱ्याचा चेहरा, त्याचा स्वभाव आणि समोरची कोरडी जमीन, सगळे त्याच्या साक्षीला होते. बातमीखाली तेच वाक्य पुण्यातला किंवा दुबईतला वाचक वाचतो तेव्हा यांपैकी एकही साक्षीदार तिथे नसतो. तो ते खबर म्हणून पुढे पाठवतो, आणि मूळ लेखकाने खोटे बोलण्याचा हेतू न ठेवताही खोटी बातमी तयार होते.

लोक वाईट झाले आहेत, असंस्कृत झाले आहेत, हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. हीच माणसे एस.टी. स्टँडवर अनोळखी प्रवाशाला अगदी नेमका रस्ता सांगतात. मग बातमीखाली ती वेगळी का वागतात, यावर आपली मते वाचायला आवडतील.

गणपती पेठ

विषय अत्यंत महत्त्वाचा आहे. आपण पुराचे उदाहरण घेतले. मी अपघाताच्या बातम्यांकडे लक्ष वेधू इच्छितो. पुणे–बंगळूर महामार्गावर अपघात झाला आणि दोघे जखमी झाले, अशी बातमी येते. आत स्पष्ट लिहिलेले असते की जखमींवर उपचार सुरू आहेत. तरीही खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" या शब्दांची रांग लागते. पहिल्याने न वाचता लिहिले, दुसऱ्याने पहिल्याचे पाहून लिहिले, आणि पुढच्यांना तर बातमी उघडण्याची गरजच भासली नाही. जखमी माणसाचे नातेवाईक हे वाचतात तेव्हा त्यांच्या काळजाचे काय होत असेल, याचा विचार कोणी करत नाही. येथे कोणाचाही हेतू वाईट नाही, उलट सहानुभूतीचाच आहे, आणि तरीही खरे तेच सांगावे हा संकेत शंभर जणांनी मिळून मोडलेला आहे.

माहुली संगम (सातारा)

मी सातारा जिल्ह्यात वृत्तसंकलनाचे काम करतो, म्हणून आमच्या बाजूची जबाबदारीही येथे नोंदवतो. वाचकाने संकेत मोडण्याआधी अनेकदा बातमीच्या मथळ्यानेच तो मोडलेला असतो. "साताऱ्यात मोठी खळबळ, पाहा नेमके काय घडले" या मथळ्यात ठिकाण सोडून एकही उपयोगी गोष्ट नाही. जे सांगणे सहज शक्य होते ते मुद्दाम हातचे राखलेले आहे, म्हणजे पुरेसे सांगावे हा संकेत पहिल्याच ओळीत मोडला. वाचक बातमी उघडत नाही, मथळ्यावरच लिहितो, आणि रिकाम्या मथळ्यावर लिहायचे तर मनात आधीपासून असलेलेच त्यात भरावे लागते. म्हणून तेथे राजकारण येते, जात येते, जुनी भांडणे येतात.

याच्या उलटही घडते. कोयनेच्या विसर्गाची बातमी आम्ही वेळ, दरवाजांची उंची आणि क्युसेकचा आकडा मथळ्यातच देऊन लावतो, तेव्हा तिच्याखालची चर्चा बरीच मुद्द्यावर राहते. पाटणचे लोक तेथील परिस्थिती लिहितात, कराडचे लोक प्रीतिसंगमाजवळ पाणी कुठवर आले ते लिहितात. त्यामुळे दोष फक्त प्रतिसाद देणाऱ्यांच्या पदरात घालू नये, अशी माझी विनंती आहे.

पेठ नाका

मला मूळ मांडणीच मान्य नाही. बातमीखाली लिहिणे हे संभाषण आहे असे आपण गृहीत धरले आहे. माझ्या मते ते संभाषण नसून घोषणा आहे. मोर्चात चालणारा माणूस घोषणा देतो तेव्हा ती आधीच्या माणसाच्या वाक्याला धरून आहे का, असे कोणी विचारत नाही.

शिवाय "विषयाला धरून बोला" हे वाक्य कोणाच्या तोंडी असते, तेही पाहावे. ग्रामसभेत रस्त्याचा प्रश्न विचारला की व्यासपीठावरून हेच ऐकू येते. जत तालुक्याच्या पूर्व भागातली मुले जिल्ह्यातील कोणत्याही नेत्याच्या कोणत्याही बातमीखाली, मग ती वाढदिवसाची का असेना, "आमच्या गावाला म्हैसाळचे पाणी कधी?" असे, म्हणजे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेबद्दल, लिहितात. आपल्या नियमाने तो विषयांतराचा दोष ठरेल. माझ्या दृष्टीने तो त्यांच्या हातात असलेला एकमेव मार्ग आहे. २०२२ च्या अखेरीस पाण्यासाठी तेथील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा कुठे राज्यभर त्यांची चर्चा झाली.

कृष्णातीर

पेठ नाका, आपला आक्षेप मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल.

जतच्या मुलांचा प्रश्न हा उघडपणे मोडलेल्या संकेताचा मी पाहिलेला सर्वांत स्वच्छ नमुना आहे. वाढदिवसाच्या बातमीखाली पाण्याचा प्रश्न विचारला की तो तेथे अप्रस्तुत आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते आणि वाचणाऱ्यालाही. त्या अप्रस्तुततेतच त्याचा अर्थ आहे: योग्य जागी विचारले तर तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून आम्ही येथे विचारतो. यात कोणाचीही फसवणूक नाही, कोणाच्या प्रश्नाचे उत्तर गिळले जात नाही. व्यासपीठावरून "विषयाला धरून बोला" असे दटावणाऱ्याला हा अर्थ व्यवस्थित कळलेला असतो, म्हणून तर तो दटावतो. याच्या शेजारी दत्तनगरच्या प्रश्नाखालचे "मत कोणाला दिले ते आठवा" हे वाक्य ठेवून पाहा. ते उत्तराच्या जागी येऊन बसते आणि ज्या मुलीला आईची काळजी आहे तिला निष्कारण आरोपी करते. विषयांतर दोन्हीकडे आहे. पहिल्यात सत्तेला प्रश्न आहे, आणि दुसऱ्यात संकटातल्या माणसाच्या प्रश्नावर पाय आहे.

आता हे संभाषण आहे की घोषणा, याबद्दल. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी बोलण्याची पाळी एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी जाते याचा बारकाईने अभ्यास केला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो. प्रश्नानंतर उत्तर, अभिवादनानंतर अभिवादन, आमंत्रणानंतर होकार किंवा नकार अशा जोड्यांचा विचारही याच परंपरेतला. जोडीचा पहिला भाग उच्चारला गेला की दुसरा भाग देणे समोरच्यावर येऊन पडते, आणि तो आला नाही तर त्याचे न येणे सर्वांना जाणवते. पारावर कोणी प्रश्न विचारला आणि सगळे गप्प राहिले, तर ती शांतता बोचते. बातमीखाली ती बोचत नाही, कारण तेथे शांतता कधी होतच नाही. शेकडो जण एकाच वेळी, एकमेकांचे न ऐकता, एकाच मथळ्याला उत्तर देत असतात. त्यात फेसबुकसारखे माध्यम प्रतिसाद वेळेच्या क्रमाने न दाखवता ज्यांवर अधिक प्रतिक्रिया आल्या ते वर आणते. म्हणजे सकाळी सहाला विचारलेला प्रश्न आणि सव्वासहाला मिळालेले उत्तर यांच्यावर दुपारचा आरोप येऊन बसतो. एखाद्याने संकेत पाळायचे ठरवले तरी जोडी तुटलेलीच दिसते.

म्हणून मी असे म्हणेन की लिहिणारे अनेक जण घोषणाच देत असतील, पण वाचणारे ते संभाषण म्हणूनच वाचतात. प्रश्न विचारणारी मुलगी घोषणा ऐकायला आलेली नसते.

जतपूर्व

आमच्या भागाचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. पेठ नाका यांनी आमची बाजू मांडली, त्याबद्दल आभार.

मात्र आमच्याच तालुक्यातली दुसरी घटनाही येथे सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये लवंगा गावाजवळ उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून लोकांनी काठ्या-पट्ट्यांनी मारहाण केली. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. पोलिसांनी त्यांच्या ओळखीची खातरजमा केली, ते खरोखरच साधू निघाले, सुदैवाने चौघांचेही प्राण वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा बळी घेतला होता, आणि ती माणसे आमच्या शेजारच्या मंगळवेढा भागातली होती. तरीही आम्ही शिकलो नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या काळात मुले पळवण्याच्या बातम्यांखाली जे लिहिले जात होते त्याची रचना कृष्णातीर यांच्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. कोणीही "मी पाहिले" असे लिहीत नव्हते. "आपल्याकडेही टोळी आली आहे असे ऐकले", "फॉरवर्ड आला आहे, खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घ्या", अशी ती वाक्ये होती. लिहिणारा सत्याची जबाबदारी आधीच झटकून टाकतो आणि बातमी मात्र पुढे ढकलतो. वाचणाऱ्या आईला "माहीत नाही" हा भाग दिसत नाही, तिला फक्त "टोळी" दिसते. व्हॉट्सअॅपने राईनपाड्यानंतर जुलै २०१८ मध्येच भारतात एका वेळी पाचच जणांना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. त्यामुळे वेग कमी झाला असेल. "असे ऐकले" म्हणून लिहिण्याची सवय तशीच राहिली.

गणपती पेठ

जतपूर्व ताई, आपण लिहिलेले वाचून सुन्न झालो. "काळजी घ्या" हे शब्द आपण इतक्या सहजपणे लिहितो, की त्यांच्याबरोबर काय काय पुढे जाते याचे भान राहत नाही.

धोम कालवा

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. पुराच्या बातम्यांखाली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे एककांचा गोंधळ, आणि ती स्पष्ट बोलण्याच्या संकेताशी निगडित आहे. क्युसेक म्हणजे एका सेकंदात वाहणारे घनफूट पाणी. हा वेग झाला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हा साठा झाला. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक लाख क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी धरणातून बाहेर पडते. बातमीखाली लोक बेधडक "कोयनेतून ५० टीएमसी सोडले" असे लिहितात, तेव्हा त्यांच्या मनात पन्नास हजार क्युसेक असते, आणि हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. "पाणी वाढले" या दोन शब्दांना नदीकाठी काहीही अर्थ नाही. कोठे वाढले, किती वाजता मोजले, गेल्या तासात किती इंचांनी वाढले, हे असल्याशिवाय कोणीही सामान हलवायचे की नाही हे ठरवू शकत नाही. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीत लगेच पोहोचत नाही, आणि वाटेत कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी यांचेही पाणी त्यात मिळालेले असते. सकाळचा आकडा संध्याकाळी कोणी पुन्हा लिहिला तर तो आकडा खरा असूनही त्याचा परिणाम खोट्यासारखाच होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटून अनेक जण बुडाले. तेव्हापासून पुराबाबतचे कोणतेही विधान मला किरकोळ वाटत नाही.

अलमट्टीबाबतही एक शब्द. त्या धरणाच्या पाण्याच्या फुगवट्याचा प्रश्न गंभीर आहे, त्यावर समित्या बसल्या आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. त्यावर जरूर बोलावे. परंतु दत्तनगरमध्ये पाणी आले का, या प्रश्नाचे ते उत्तर नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

आमच्या परिसरातील रहिवाशांचा समाजमाध्यमावरील एक मोठा समूह मी सांभाळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील मजकुरावरून जे घडले, त्यात एका माणसाचा जीव गेला आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करावे लागले. त्यानंतर आम्ही समूहात बातमी लावण्याची पद्धत बदलली. बातमी लावणाऱ्याने ती का लावली हे एका वाक्यात लिहायचे, आणि त्या बातमीवरची पहिली शंका सुटेपर्यंत दुसरी बातमी लावायची नाही. सुरुवातीला लोक रागावले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे स्पष्ट केले आहे की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ समूहचालक असल्यामुळे कोणी जबाबदार ठरत नाही. त्यामुळे ही पद्धत कायद्याच्या भीतीने आलेली नाही, शेजारी म्हणून आली आहे.

संबोधनाविषयीही लिहितो. प्रत्यक्ष भेटीत आपण अनोळखी प्रौढ माणसाला एकेरीत बोलत नाही. बातमीखाली पन्नाशीच्या शिक्षिकेलाही "तुला काय कळतं" असे विचारले जाते. मी समूहात फक्त एवढाच आग्रह धरला की उत्तर देताना समोरच्याचे नाव घ्यावे आणि अहो-जाहो करावे. वाद कमी झाले असा माझा दावा नाही, वाद आजही होतात. परंतु "पाटीलकाका, आपण म्हणता ते पटत नाही" असे लिहिणारा माणूस पुढच्या वाक्यात कारणही लिहितो, असे मला दिसले आहे.

पेठ नाका

कृष्णातीर यांनी केलेला भेद मला पटला, तरी एक शंका उरते. जुने छायाचित्र आजचे म्हणून लावणाऱ्याचे काय करावे? प्रतिसाद काढून टाकला तर तो दुसरीकडे लावतो, आणि येथे सत्य दडपले जात आहे असा प्रचार करतो.

माहुली संगम (सातारा)

आमच्या अनुभवानुसार, नुसते काढून टाकण्यापेक्षा त्याच्याच खाली तत्काळ "हे छायाचित्र ऑगस्ट २०१९ मधील आहे" असे लिहिणे आणि त्याच ठिकाणचे आत्ताचे छायाचित्र वेळेसह लावणे अधिक उपयोगी पडते. जोडीचा दुसरा भाग लगेच दिसला तर पुढचे लोक त्याला धरून लिहितात. मात्र यासाठी त्या जागेवर प्रत्यक्ष कोणीतरी असावे लागते, आणि पहाटे तीन वाजता कार्यालयात आमच्यापैकी कोणी नसते.

कृष्णातीर

त्या पहाटेच्या वेळी नदीकाठचे लोक जागे असतात. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर आणि कर्नाळ रस्ता येथे राहणाऱ्या सदस्यांनी येथे आपली नावे न देता फक्त भाग कळवावा. पुढील पावसाळ्यात पातळीच्या बातम्यांखाली जे थेट प्रश्न येतील, त्यांपैकी आपल्या भागाचा प्रश्न दिसताच ठिकाण, वेळ आणि पाणी कोठवर आले आहे, एवढ्या तीनच गोष्टी त्या प्रश्नाच्या खालीच लिहाव्यात. धोम कालवा काका, आकडे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या एककात लिहावेत याचा एक नमुना आपण तयार करून दिलात तर तो मी या धाग्याच्या सुरुवातीला जोडतो.

धोम कालवा

उद्या सकाळपर्यंत देतो. पातळी फूट आणि इंचांत, विसर्ग क्युसेकमध्ये, आणि मोजल्याची वेळ सर्वांत आधी.